स्टीम लाइनवरच्या ग्लोब व्हॉल्व्हचा बाण सापडत नाही. दिशा कशी ठरवायची?

वाफाळलेला (धागाकर्ता) | सोम, सकाळी ९:४०

तीन टनी बॉयलर, १०.५ किलो (प्रति चौ. सेमी) दाब, सॅच्युरेटेड स्टीम. हेडरवरून निघणाऱ्या तीन लाइनींवर फ्लँज एंडचे कास्ट स्टील ग्लोब व्हॉल्व्ह आहेत. एक ८० एनबी (नॉमिनल बोअर, पाइपचा नाममात्र साइज मिमीत), दोन ५० एनबी. तिन्ही ओव्हरहॉल होऊन आलेत. ५० एनबींवर बाण स्पष्ट दिसतो. ८० एनबीवर मेकरचा शिक्का आणि हीट नंबर (ओतकामाच्या बॅचचा नंबर) वाचता येतो, बाण मात्र कुठेच नाही. रंगाचे थर आहेत आणि एका अंगाला ग्राइंडर मारल्याच्या खुणा.

१. बाण नसेल तर दिशा नेमकी कशी ओळखायची?
२. वाफ सीटखालून यावी की वरून (सीट म्हणजे ज्या कडीवर डिस्क बसून वाट बंद होते)? दोन फिटर, दोन उत्तरं.
३. उलटा बसला तर काय बिघडतं? लाइन सोडायच्या आधीच कळायला हवंय.

---

ग्लँडपॅकिंग | सोम, सकाळी १०:१५

पहिला प्रश्न पाच मिनिटांचा आहे.

व्हॉल्व्ह टेबलावर स्पिंडल (चाकाचा दांडा) वर करून ठेवा, पूर्ण उघडा आणि एका तोंडातून टॉर्च मारा. आतला पडदा वरून खाली उतरत आलेला दिसला आणि वाट त्याच्या पोटाखालून जात असली, तर ते सीटखालचं तोंड. दुसऱ्या तोंडातून उलट चित्र दिसेल. तिथे तळ चढत जातो आणि वाट पडद्याच्या वरून, स्पिंडलच्या अंगाने येते. बहुतेक मेकर बाण सीटखालच्या तोंडाकडून सीटवरच्या तोंडाकडे काढतात. तुमच्याकडे ५० एनबी त्याच मेकरचे असतील तर त्यांच्यातही टॉर्च मारून बाणाशी ताडून बघा, म्हणजे त्या मेकरची पद्धत कळेल.

तरी शंका राहिली तर हवा वापरा. व्हॉल्व्ह बंद करा, ग्लँडचे (स्पिंडलभोवतीचं पॅकिंग दाबणाऱ्या भागाचे) नट पुरेसे सैल करा. एका तोंडाला १५ एनबी निपल मारलेला ब्लाइंड (तोंड बंद करणारी फ्लँज) लावून दीड-दोन किलो हवा द्या, त्याच्या वर जाऊ नका. ग्लँडवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर हवा दिलेलं तोंड सीटच्या वरचं. ग्लँड कोरडी राहिली तर ते सीटखालचं. मात्र ग्लँड खरंच सैल हवी. घट्ट पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी कोरडंच दिसतं आणि माणूस चुकीच्या निष्कर्षाला येतो.

---

आयबीआरवाला | सोम, सकाळी १०:५०

दिशेच्या आधी एक गोष्ट. दाब ३.५ किलोच्या वर आहे, म्हणजे ही लाइन आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येते. व्हॉल्व्हवरचा हीट नंबर फॉर्म ३-सी (व्हॉल्व्हच्या उत्पादनाचं आणि टेस्टचं प्रमाणपत्र) शी जुळतोय का बघा. ग्राइंडर मारलाय म्हणता. तिथे नुसता रंग घासलाय की वेल्डिंग करून चेहरा साफ केलाय, हे ओव्हरहॉल करणाऱ्याकडून लेखी घ्या. बॉडीवर वेल्ड मारलं असेल तर बाणाची चर्चा नंतर.

---

शून्यगळती | सोम, सकाळी ११:३०

माझं मत सरळ आहे: वाफ सीटखालून. व्हॉल्व्ह बंद केल्यावर बॉयलरचा दाब डिस्कच्या खाली अडतो. पुढची लाइन ड्रेन केली की ग्लँड आणि बोनेट (बॉडीवरचं आवरण) गास्केट बिनदाबाचे. पॅकिंग आयुष्यभर टिकत नाही, पण अर्धा वेळ तरी वाफेपासून सुटतं. बेलो सील व्हॉल्व्हमध्ये (स्पिंडलभोवती धातूची घडीदार नळी सील म्हणून असते) तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बेलो फुटला की बदलीचा खर्च मोठा.

---

तापलेला स्पिंडल | सोम, दुपारी १:०५

सीटखालून वाफ घेतली की स्टीममध्ये एक खोड निघते. व्हॉल्व्ह गरम असताना माणूस चाक आवळून बंद करतो. वाफ डिस्कखाली अडते आणि वरचा भाग, म्हणजे स्पिंडल, बोनेट, योक (स्पिंडलला धरणारी चौकट), हळूहळू थंड होतो. १५० मिमी लांबीचा स्पिंडल १५० अंशांनी थंडावला तर साधारण पाव मिलिमीटर आखडतो. बॉडीही आखडते, पण तेवढीच नाही आणि तेव्हाच नाही. त्या फरकाने डिस्कवरचा जोर कमी होतो आणि व्हॉल्व्ह पासिंग (बंद असूनही आतून गळती) सुरू. मग सकाळच्या शिफ्टला लाइन कोमट सापडते, कोणीतरी पाना लावून चाक पुन्हा आवळतो आणि सीट खराब होते. म्हणूनच बंद केल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एकदा हाताने आवळायची पद्धत आहे.

वाफ वरून आली की दाबच डिस्कला सीटवर बसवतो. आकडे घ्या. ८० मिमी सीटचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. सेमी. गुणिले १०.५ किलो म्हणजे ५२८ किलोचा जोर. सीटखालून घेतली तर हाच ५२८ किलो बंद करताना चाकाच्या विरुद्ध उभा राहतो. ५० एनबीला हा आकडा साधारण २०६ किलो, हाताने काही वाटत नाही. १५० एनबीला १८५५ किलो. तिथे खालून घेतलेला व्हॉल्व्ह बंद करायला दोन माणसं चाकावर लटकलेली दिसतात.

---

शून्यगळती | सोम, दुपारी १:४०

वरून घेतली की उघडताना तोच ५२८ किलो तुमच्या विरुद्ध. बंद करणं सोपं, उघडणं अवघड, फुकट काहीच नाही. शिवाय ग्लँड कायम दाबाखाली.

आणखी एक. डिस्क स्पिंडलपासून सुटली तर काय? नट फिरला, लॉक गेला, हे होतं. वाफ वरून असेल तर सुटलेली डिस्क सीटवर जाऊन बसते आणि लाइन बंद. चाक पूर्ण उघडं दिसतंय आणि पुढे दाब शून्य. खालून असेल तर डिस्क तरंगत राहते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पण वाट मरत नाही. फीड वॉटर लाइनवर ग्लोब व्हॉल्व्ह सीटखालूनच घ्यायचा, याचं कारण हेच. बॉयलरला पाणी जाणं बंद होता कामा नये.

---

मापात राहा | सोम, दुपारी ३:१०

दोघंही बरोबर आहात, फक्त व्हॉल्व्ह कशासाठी आहे ते आधी विचारायला हवं होतं. माझी फोड अशी:

५० एनबीपर्यंत बाणाप्रमाणे, सीटखालून. वाद घालण्याइतका फरक पडत नाही.

६५-८० एनबीला व्हॉल्व्ह फक्त उघड-बंद असेल आणि पासिंग ही खरी तक्रार असेल तर वरून घेता येतो, पण तीन अटींवर. मेकरची परवानगी, डिस्कचा नट लॉक केलेला आणि शेजारी १५ किंवा २० एनबी बायपास. बायपासने पुढची लाइन तापते आणि दोन्ही बाजूंचा दाब जुळतो, मग ५२८ किलो कुठे राहत नाहीत.

१०० एनबीच्या वर, विशेषतः जास्त दाबाला, वरून घेणं अनेकदा सोयीचं.

थ्रॉटलिंग (अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी-जास्त) करणार असाल तर खालूनच. वरून घेतलेली डिस्क सीटजवळ आली की प्रवाह तिला खेचतो, ती थरथरते, आपटते. कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये साध्या, बॅलन्स नसलेल्या प्लगवर फ्लो-टू-क्लोजला (प्रवाह प्लगला बंद करण्याकडे ढकलतो ती दिशा) हाच त्रास. टबाचं बूच पाण्याच्या ओढीने कसं बसतं, तसं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र स्वतःचं मत ठेवू नका. डेटाशीटवर जी दिशा लिहिली आहे त्यावर ॲक्च्युएटरची स्प्रिंग निवडलेली असते. बॉडी उलटी लावली तर प्लँट एअर गेल्यावर व्हॉल्व्ह ज्या स्थितीला जायला हवा तिथे पूर्ण जोराने जाईलच असं नाही.

---

वाफाळलेला | सोम, संध्या. ६:२०

टॉर्चने लगेच कळलं, धन्यवाद ग्लँडपॅकिंग. हवेची गरज पडली नाही. फॉर्म ३-सी शी हीट नंबर जुळला. ग्राइंडर फक्त रंगावर मारलाय असं पत्र मागवलंय.

व्हॉल्व्ह उघड-बंदच आहे. पुढे ४० मीटर लाइन, मग सेपरेटर (वाफेतलं पाणी वेगळं करणारा), स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह), ३.५ किलोवर ड्रायर. बायपास नाही. म्हणजे सीटखालून. बरोबर?

---

मापात राहा | सोम, संध्या. ६:४५

बायपास नाही, तर सीटखालून. विषय संपला.

एक विचारा: ओव्हरहॉलनंतर सीट टेस्ट कोणत्या बाजूने केली? वरून दाब देऊन केली असेल तर ती पास होणारच, दाबाने डिस्क बसवलेली असते. तुम्ही खालून वापरणार असाल तर टेस्टही खालून, डिस्कच्या विरुद्ध हवी. पुढच्या वेळी वर्क ऑर्डरमध्ये ही एक ओळ टाका, दर तोच राहतो.

---

तापलेला स्पिंडल | सोम, रात्री ८:००

मान्य. फक्त अर्ध्या तासाने पुन्हा आवळणं ऑपरेटरच्या चेकलिस्टवर टाका. पाना नाही, हाताने.

४० मीटर लाइनचा उतार बघा. वाफेच्या दिशेने १०० ला १, म्हणजे तुमच्या लाइनीत ४०० मिमी. काही कारणाने लाइन वाफेच्या दिशेने चढत असेल तर ४० ला १ आणि पाइपचा साइज मोठा, कारण तिथे कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) वाफेच्या समोरून परत येतं. एरवी २५ ते ४० मीटर प्रतिसेकंद वेग चालतो, अशा चढावर १५ च्या वर नको. तुमच्या ८० एनबीला ताशी अडीच टन वाफेला वेग जवळपास २५ येतो, म्हणजे चढाच्या तुकड्यात तो १५ च्या आत आणायला १०० एनबी लागेल. दिशा चुकण्याचे दोन प्रकार असतात. वाफेची दिशा सगळे बघतात, पाण्याची कोणी बघत नाही, आणि वॉटर हॅमर (लाइनीत बसणारा दणका) पाण्याचा असतो.

---

जाळीवाला | मंगळ, सकाळी ८:३०

स्ट्रेनर आला म्हणून. वाय स्ट्रेनरची दिशा दोन बाबतीत चुकते.

पहिली, बाण. प्रवाह जाळीच्या आतून बाहेर जायला हवा, म्हणजे कचरा जाळीच्या पोटात राहतो आणि ब्लो-डाउनला किंवा टोपी काढल्यावर बाहेर येतो. उलटा लावला तर कचरा जाळीच्या बाहेर, बॉडीत साचतो. ब्लो-डाउनने तो निघत नाही, जाळी बाहेरून दाबली जाऊन चेपते, आणि जाळी ओढून काढली की सगळा गाळ लाइनमध्ये पडतो. पुढे पीआरव्ही आहे, त्याची सीट त्याच दिवशी गेली समजा.

दुसरी, पॉकेट, म्हणजे जाळी बसते तो तिरका फाटा. पाण्याच्या आडव्या लाइनीत पॉकेट खाली. वाफेच्या आडव्या लाइनीत पॉकेट आडवं, बाजूला वळवलेलं. खाली ठेवलं तर त्यात कंडेन्सेट साचतं, अर्धी जाळी पाण्यात बुडते आणि ते पाणी वाफेबरोबर उडून पीआरव्हीवर आपटतं. उभ्या लाइनीत स्ट्रेनर लावायचाच असेल तर प्रवाह वरून खाली आणि पॉकेट खाली झुकलेलं.

स्टीम लाइनमधला एक्सेंट्रिक रिड्यूसरही (पाइपचा साइज बदलणारा, एक बाजू सपाट असलेला तुकडा) बघून घ्या, सपाट बाजू खाली. पंप सक्शनला बहुतेक वेळा बरोबर उलट: सपाट बाजू वर, नाहीतर हवेचा फुगा अडकतो. एकाच स्टोअरमधला तोच तुकडा, दोन लाइनींत दोन तऱ्हा.

---

कंडेन्सेटकाकू | मंगळ, सकाळी ९:१५

ट्रॅप (वाफ अडवून कंडेन्सेट सोडणारा) विसरू नका मंडळी. ट्रॅप स्टेशनचा क्रम प्रवाहाच्या दिशेने: आयसोलेशन (लाइन बंद करणारा व्हॉल्व्ह), स्ट्रेनर, ट्रॅप, साइट ग्लास (प्रवाह दिसणारी काच), एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह), आयसोलेशन. थर्मोडायनॅमिकसारखा झटक्याने सोडणारा ट्रॅप असेल तर साइट ग्लास ट्रॅपपासून मीटरभर तरी लांब, नाहीतर काच मार खाते. बॉल फ्लोट ट्रॅपला बाण जुळला म्हणजे झालं असं नाही. फ्लोट वर-खाली हलायला हवा, आणि कव्हरवरची खूण जमिनीकडे. आडव्या लाइनीचा ट्रॅप उभ्या लाइनीत फिरवला की बाण बरोबर आणि फ्लोट आडवा पडलेला. काही मेकरचे ट्रॅप कव्हर फिरवून दुसऱ्या दिशेला जुळवता येतात, पण ते खरेदीतच सांगावं लागतं.

ट्रॅपनंतर कंडेन्सेट वर चढवत असाल तर एनआरव्ही हवाच. नाहीतर वाफ बंद झाल्यावर रिटर्नचं पाणी उलटं येऊन कॉइल भरतं, आणि सकाळी वाफ सोडली की धडाड.

---

वाफाळलेला | मंगळ, सकाळी ११:००

काकू, क्रम नोंदवून घेतला. एनआरव्ही निघालाच आहे तर विचारतो: उभ्या लाइनीत कोणता चालतो? फीड पंपच्या डिस्चार्जला वर जाणारी उभी लाइन आहे.

---

शून्यगळती | मंगळ, सकाळी ११:२५

वर जाणाऱ्या प्रवाहाला स्विंग (बिजागरीवरचा फ्लॅप) चालतो, ड्युअल प्लेट (दोन पाकळ्यांचा) चालतो. खाली येणाऱ्या प्रवाहात स्विंग लावू नका, फ्लॅप आपल्या वजनाने लटकून उघडा राहतो. बोनेटवाला पिस्टन लिफ्ट टाइप आडव्या लाइनीचा, बोनेट वर. स्प्रिंगवाला डिस्क चेक कुठल्याही दिशेला. ड्युअल प्लेट आडव्या लाइनीत लावलात तर पिन उभी ठेवा, आडवी असेल तर वरची पाकळी नीट बसत नाही आणि खालची लोंबते.

पंप किंवा बेंडच्या लगेच पुढे एनआरव्ही ठेवू नका, निदान पाइपच्या पाच व्यासांइतकी सरळ लांबी द्या. घुसळलेल्या पाण्यात फ्लॅप फडफडतो आणि हिंज पिन खाल्ली जाते. बॉयलरला लागून क्रम: पंप, एनआरव्ही, मग आयसोलेशन, मग बॉयलर. आयसोलेशन बॉयलरकडे, म्हणजे बॉयलर दाबाखाली असताना एनआरव्ही उघडता येतो. आणि एनआरव्हीला आयसोलेशन समजून पुढे माणूस कामाला लावू नका. तिथे ब्लाइंडच.

---

रोटर | मंगळ, दुपारी २:००

फीड पंपवरून: केबल बदलली, दोन फेज उलटे झाले, मोटर उलटी फिरली. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी डिस्चार्जकडेच जातं, फक्त हेड (पाणी चढवण्याची ताकद) आणि फ्लो खूप पडतो. म्हणून ही चूक लवकर सापडत नाही, लोक इंपेलर गेला समजून पंप उघडतात. गिअर पंपला मात्र सक्शन-डिस्चार्ज सरळ अदलाबदल होते.

तपासणी कपलिंग काढूनच. मोटर क्षणभर बंप करा (चालू करून लगेच बंद), केसिंगवरच्या बाणाशी जुळवा. कपलिंग लावून बंप करणं स्वस्त वाटतं, पण इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलट फिरवल्यावर तो सुटून केसिंगला घासतो.

एनआरव्ही गेलेला असेल तर स्टँडबाय पंप उलट्या पाण्याने टर्बाइनसारखा फिरत असतो. त्या क्षणी स्टार्ट बटण दाबलं तर शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकतं. आधी शाफ्ट थांबलेला आहे हे डोळ्यांनी बघा.

---

डीपीवाली | मंगळ, दुपारी ४:३०

हेडरवर स्टीम फ्लो मीटर असेल आणि तो ऑरिफिस (भोक असलेल्या प्लेटवरून प्रवाह मोजणारा) असेल तर ओव्हरहॉलमध्ये प्लेटही निघाली असणार. चौकोनी, धारदार काठ प्रवाहाकडे. उतरती कड, म्हणजे बेव्हल, पुढच्या बाजूला. हँडलवर पंच केलेला मजकूर साधारणपणे प्रवाहाकडे तोंड करून असतो, पण नखाने काठ तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

प्लेट उलटी लागली तर वाफ बेव्हलवरून गुळगुळीत आत शिरते, डीपी (प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) कमी पडतो आणि मीटर कमी दाखवतो, ढोबळ १० ते २० टक्के. वाफ कमी, कोळसा तेवढाच. मग बॉयलरची एफिशियन्सी पडली म्हणून ट्यूब साफ करायची चर्चा सुरू. इंपल्स लाइनी (दाब ट्रान्समीटरकडे नेणाऱ्या बारीक नळ्या) उलट्या जोडल्या गेल्या तर लक्षण वेगळं, ट्रान्समीटर शून्य किंवा उणे दाखवतो. म्हणजे कमी दाखवतो तेव्हा प्लेट, उणे दाखवतो तेव्हा ट्यूबिंग. आडव्या लाइनीत ड्रेन होल असलेली प्लेट असेल तर ते भोक तळाशी.

---

जाळीवाला | मंगळ, संध्या. ५:००

नखाची युक्ती सही आहे. धार बोथट असेल तर बरोबर लावलेली प्लेटही कमी दाखवते, हे जोडा.

---

वाफाळलेला | बुध, सकाळी १०:१०

बसवायला घेतोय. फ्लँज फेस साफ, गास्केट नवी स्पायरल वाउंड. बाण पुन्हा कसा करायचा? रंगाने काढला तर पुढच्या ओव्हरहॉलला पुन्हा हेच.

---

ग्लँडपॅकिंग | बुध, सकाळी १०:४०

बॉडीवर पंच मारू नका. स्टेनलेसची पट्टी घ्या, त्यावर बाण, टॅग नंबर आणि "सीटखालून" कोरून घ्या आणि योकला तारेने बांधा. फ्लँजच्या बाहेरच्या कडेवर, गास्केट फेसपासून लांब, सीटखालच्या बाजूला मार्किंग पेनने "आत" लिहून ठेवलंत तर लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) चढेपर्यंत उपयोगी पडतं.

लॅगिंगच्या क्लॅडिंगवरचा बाण वेगळा, तो लाइनीचा. आयएस २३७९ प्रमाणे स्टीमचा मूळ रंग ॲल्युमिनियम, बाण पांढरा किंवा काळा, जो उठून दिसेल तो. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक टी-जंक्शनला, भिंतीतून जाताना दोन्हीकडे. बाण रंगाऱ्याच्या अंदाजाने नको. ड्रॉइंग हातात घेऊन लाइन चालत जा, हेडरपासून ड्रायरपर्यंत, आणि खडूने खुणा करून द्या. काँप्रेस्ड एअरची रिंग मेन असेल तिथे एकेरी बाण काढू नका. तिच्यात हवा दोन्हीकडून येते, दुतोंडी बाण काढा.

पहिल्यांदा वाफ सोडताना ड्रेन उघडे, व्हॉल्व्ह पाव वेटोळा, पुढचा ट्रॅप गरम होईपर्यंत थांबा. मग ग्लँड बघा. गळत असेल तर बुडबुडा नाही, वाफेचा धूर दिसेल. नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा, एका वेळी एक चपटी (नटाची एक बाजू). एकाच बाजूने आवळलंत तर स्पिंडलवर ओरखडा येतो.

---

तापलेला स्पिंडल | बुध, सकाळी १०:५५

आणि पहिल्यांदा बंद केल्यावर, अर्ध्या तासाने. हाताने.